पेंटबॉलमध्ये 'शत्रू' व्हायला कोण तयार होतं? आणि त्या शत्रूने कपडे कोणते घालायचे?

जून महिन्यातली सकाळ. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात वायनडॉट नावाचं एक छोटं गाव आहे. गावाजवळच्या रानात लाकडी फळ्यांचे बंकर उभे आहेत. आत करड्या कपड्यांतली मंडळी बंदुका रोखून बसली आहेत. इशारा होतो आणि समोरून शेकडो माणसं आरडाओरडा करत त्यांच्यावर चालून येतात. काही मिनिटांत बंकरच्या फळ्या पिवळ्या, निळ्या, गुलाबी रंगाने माखून जातात.

हा होता 'ओक्लाहोमा डी-डे'. ६ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांचे सुमारे १ लाख ५६ हजार सैनिक फ्रान्समधल्या नॉर्मंडीत उतरले आणि हिटलरच्या शेवटाची सुरुवात झाली. त्याच लढाईवर बेतलेला हा पेंटबॉलचा खेळ. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आपल्या आजोबांच्या आठवणीसाठी एका नातवाने तो १९९७ मध्ये सुरू केला. पुढे तो इतका वाढला की काही वर्षी तीन हजारांहून जास्त खेळाडू जमायचे.

आता गंमत बघा. लढाई म्हटली की दोन बाजू आल्या. नॉर्मंडीच्या लढाईत दुसरी बाजू होती जर्मनीची, म्हणजे नाझींची. मग हजारो लोकांपैकी कोणीतरी जर्मन व्हायला हवं. पैसे भरून, सुट्टी टाकून, शेकडो मैल गाडी चालवून यायचं आणि इतिहासातल्या सगळ्यात बदनाम बाजूने लढायचं. हे काम कोण करतं? का करतं? आणि ते करताना रेषा कुठे आखायची?

प्रश्न वाटतो फक्त खेळाचा. पण तो अमेरिकेच्या निवडणुकीत आला, व्हिडिओ गेम कंपन्यांपुढे आला आणि २०२३ मध्ये तो आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढेही आला. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी खेळ समजून घेऊ

पेंटबॉलमधल्या बंदुकीला खेळाडू बंदूक म्हणत नाहीत, 'मार्कर' म्हणतात. कारण तिचा जन्मच खुणा करण्यासाठी झाला. जंगलातल्या झाडांवर आणि गुराढोरांवर लांबून रंगाची खूण करता यावी म्हणून ती वापरायचे. गोळी म्हणजे साधारण १७ मिलिमीटरचा जिलेटिनचा गोळा, आत पाण्याने धुता येणारा रंग. तो सुटतो मात्र जोरात. मैदानांवर वेगाची कमाल मर्यादा साधारण सेकंदाला ३०० फूट असते, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्याही वर. त्यामुळे चेहऱ्यावर मास्क नसेल तर मैदानात पाऊल टाकता येत नाही.

पहिला खेळ झाला २७ जून १९८१ ला, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर इथे. वाद असा होता की जंगलात टिकून कोण राहील, शहरातला चलाख माणूस की रानावनात वाढलेला? १२ जण जंगलात उतरले. झेंडे गोळा करायचे आणि दुसऱ्याच्या गोळीपासून वाचायचं. जिंकला कोण, तर जंगलात काम करणारा एक गडी. आणि त्याने पूर्ण खेळात एकही गोळी झाडली नाही. कोणाच्या नजरेस न पडता झेंडे गोळा केले आणि बाहेर आला.

पुढे या खेळाला अनेक फांद्या फुटल्या. त्यातलीच एक म्हणजे 'सिनॅरिओ' पेंटबॉल. इथे नुसती मारामारी नसते, एक गोष्ट असते. दोन्ही बाजूंना सेनापती असतो, कमांड पोस्ट असते, दर तासाला नवी कामगिरी येते. पूल ताब्यात घ्या, कागदपत्रं पळवा, अमुक ठाणं दुपारपर्यंत सोडू नका. लाकडी सांगाडा चढवलेल्या गाड्या रणगाडे म्हणून फिरतात, त्यांना मारायला फोमची रॉकेटं असतात. कोणी हेर असतो, कोणी वैद्य. गोळी लागली की हात वर करून बाहेर जायचं, ठरलेला वेळ थांबायचं आणि परत यायचं. शेवटी गुण मोजतात. काही खेळ सलग २४ तास चालतात.

आणि दोन्ही बाजू ओळखायच्या कशा? बहुतेक ठिकाणी उत्तर एकदम साधं आहे. दंडावर रंगीत पट्टी. एका बाजूची निळी, दुसऱ्या बाजूची लाल. खेळाला लागतं ते एवढंच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

विरोधी फौजेचं काम नेमकं काय असतं?

लहानपणी चोर-पोलीस खेळताना चोर व्हायला कोणी तयार नसायचं. शेवटी चिठ्ठी टाकावी लागायची. पण खेळ कोणामुळे रंगायचा? चोरामुळेच. चोर आळशी निघाला की पोलिसांचाही खेळ पाच मिनिटांत संपायचा.

सिनॅरिओ खेळातही तेच. शत्रूच्या बाजूला लष्करी भाषेत 'ऑपफोर' म्हणतात, म्हणजे विरोधी फौज. ही बाजू कधी संख्येने कमी असते, कधी तिच्याकडे साधनं कमी असतात. मग समोरासमोर उभं राहून भागत नाही. पाच जणांनी पन्नास जण असल्याचा आभास निर्माण करायचा. एका ठिकाणी गोंगाट करायचा आणि दुसरीकडून घुसायचं. ठाणं सोडायचं, पण सोडताना समोरच्याची अर्धी दुपार खाऊन सोडायचं. दबा धरून तासभर गप्प बसायचं, अंगावरून मुंग्या फिरल्या तरी हलायचं नाही.

म्हणून खूप जुने खेळाडू मुद्दाम हीच बाजू मागून घेतात. नवख्यांना हिरो व्हायचं असतं, जुन्यांना आव्हान हवं असतं. त्यात आणखी एक गोष्ट असते. खेळ संपल्यावर समोरच्या बाजूचे लोक येऊन पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, आज तुम्ही आम्हाला घाम फोडलात. विरोधी फौजेसाठी हीच ट्रॉफी असते.

महत्त्वाचं म्हणजे डी-डेच्या अशा खेळात जर्मन बाजूने हरलंच पाहिजे, असं नसतं. इतिहासात निकाल लागलेला आहे, मैदानात तो गुणांवर लागतो. जिंकण्याची संधी खरी असते, म्हणूनच लोक ती बाजू घेतात. आधीच ठरलेलं हरायला कोण कशाला पैसे भरेल?

मराठी माणसाला हे समजायला निळू फुले पुरेसे आहेत. पडद्यावर त्यांनी पाटील असा उभा केला की गावोगावी बायका त्यांना खरोखर शिव्या घालायच्या, असे किस्से आजही सांगितले जातात. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला, साधा. त्यांचा खलनायक खरा वाटायचा तो त्याच्या वागण्यामुळे. नजर, आवाज, चालण्यातला माज, यातून तो उभा राहायचा. डोक्याला कोणता फेटा आहे, यावरून नाही.

ही कल्पना आली कुठून?

शत्रू 'खेळून' बघायची पद्धत लष्करातली आहे आणि बरीच जुनी आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात 'क्रीगश्पील' नावाचा नकाशावरचा युद्धखेळ आला. एका बाजूच्या सोंगट्या निळ्या, दुसऱ्या बाजूच्या लाल. जगभरातली सैन्यं आजही सरावात स्वतःला 'ब्लू' आणि शत्रूला 'रेड' म्हणतात ती याच परंपरेत. भारतीय लष्कराच्या सरावातही 'ब्लू लँड' आणि 'रेड लँड' असतातच.

'टॉप गन' सिनेमा अनेकांनी पाहिलाय. ती शाळा खरी आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन वैमानिकांना सोव्हिएत बनावटीची मिग विमानं जड जात होती. मग १९६९ मध्ये अमेरिकी नौदलाने ही शाळा सुरू केली. तिथले शिक्षक ए-४ स्कायहॉक हे छोटं, चपळ विमान घेऊन मिगसारखं उडवायचे. म्हणजे शिक्षकाचं काम काय, तर शत्रूसारखं वागणं. शिकाऊ वैमानिक इथे आधी हरायचा, म्हणजे तिथे मरायचा नाही.

सगळ्यात मोठं उदाहरण आहे कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातलं. फोर्ट आयर्विन इथे अमेरिकी लष्कराचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. सुमारे २,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या चौपट जागा. १९८० च्या दशकापासून तिथे एक तुकडी कायमची शत्रू म्हणून बसवलेली आहे. १९९४ पासून हे काम 'ब्लॅकहॉर्स' नावाने ओळखली जाणारी ११वी आर्मर्ड कॅव्हलरी रेजिमेंट करते. देशभरातल्या ब्रिगेड पाळीपाळीने येतात आणि या तुकडीशी लढतात. बंदुकांना लेझर, अंगावर सेन्सर. पाहुणे वाळवंटात नवे, ही मंडळी वर्षभर तिथेच. त्यामुळे बऱ्याचदा पाहुणे मार खातात.

मार खाल्ल्यावर सगळे एकत्र बसतात. शत्रूच्या बाजूचे अधिकारी समोर येऊन सांगतात, तुमचा हा रणगाडा डोंगराच्या माथ्यावर उघडा पडला होता, तिथेच आम्ही तुम्हाला पकडलं. या बैठकीसाठीच सगळा खटाटोप असतो.

इथे दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत. पहिली, शीतयुद्धाच्या काळात या शत्रूचं सैन्य सरळसरळ सोव्हिएत पद्धतीने लढायचं, पण त्याच्या देशाचं नाव होतं 'क्रास्नोव्हिया'. जगाच्या नकाशावर असा देश नाही. दुसरी, तिथे अमेरिकन शेरिडन रणगाड्यांवर सांगाडे चढवून ते सोव्हिएत गाड्यांसारखे दिसतील असे केले जायचे. म्हणजे सोंग घ्यायचे, पण कामापुरतं. लांबून दिसणारा रणगाडा कोणाचा आहे हे आकारावरून ओळखणं, ही लढाईतली उपयोगाची माहिती आहे.

इराक युद्धानंतर तिथे आख्खी नकली गावं वसवली गेली. अरबी बोलणारी माणसं भूमिकांसाठी आणली गेली. पण ती सगळी बंडखोर नव्हती. कोणी दुकानदार होता, कोणी गावचा प्रमुख, कोणी पोलीस, आणि त्यांच्यातच लपलेला एखादा हल्लेखोर. सगळ्यांचा पेहराव तोच, भाषा तीच. सैनिकाने शिकायचं ते हे की कपड्यावरून काही कळत नाही. वागण्यावर नजर ठेवावी लागते.

शत्रूला हरायलाच लावलं तर काय होतं?

याचं उत्तर २००२ मध्ये मिळालं, तेही सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून.

'मिलेनियम चॅलेंज' हा अमेरिकेचा प्रचंड युद्धसराव होता. काही भाग प्रत्यक्ष, काही संगणकावर. शत्रू होता आखाती भागातला एक काल्पनिक देश. त्या 'रेड' बाजूचं नेतृत्व दिलं होतं मरीन कोरचे निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर यांना.

अमेरिकेच्या 'ब्लू' बाजूकडे सगळी आधुनिक यंत्रणा होती. शत्रूचे संदेश पकडायचे आणि त्याला आंधळा करायचं, असा बेत होता. व्हॅन रायपर यांनी संदेश पाठवायला मोटारसायकलस्वार वापरले. विमानांना दिव्यांच्या खुणा केल्या. पकडायला संदेशच नव्हता. मग त्यांनी अचानक क्षेपणास्त्रांचा मारा केला, सोबत छोट्या बोटींचे थवे सोडले. संगणकावर अमेरिकेची १६ जहाजं बुडाली, त्यात एक विमानवाहू नौकाही होती. खरं युद्ध असतं तर हजारो खलाशी गेले असते.

मग काय झालं? बुडालेली जहाजं परत 'तरंगवली' गेली आणि सराव पुढे सुरू झाला. यावेळी रेड बाजूवर बंधनं आली. अमुक रडार सुरू ठेवा, तमुक विमानांवर मारा करू नका. हे पाहून व्हॅन रायपर अर्ध्यातच त्या भूमिकेतून बाजूला झाले आणि सगळं आधीच लिहिलेलं होतं, अशी जाहीर टीका केली.

लष्कराचं म्हणणंही होतं. हजारो सैनिक प्रत्यक्ष सरावासाठी गोळा केलेले होते, पहिल्या काही दिवसांत खेळ संपवून सगळ्यांना घरी पाठवणं परवडणारं नव्हतं, इतर गोष्टीही तपासायच्या होत्या. ते पूर्ण चुकीचं नव्हतं. पण या सरावातून लोकांच्या लक्षात राहिलं ते एकच. आपल्याला हवा तसा शत्रू उभा केला की सराव छान पार पडतो, शिकायला मात्र काही मिळत नाही.

म्हणजे चांगल्या विरोधी फौजेची पहिली अट ठरली. तिला जिंकता आलं पाहिजे. आता दुसऱ्या अटीकडे येऊ. भानगड तिथेच होते.

मग भानगड कुठे होते? कपड्यांत

इतिहासातल्या लढाया पुन्हा साकारण्याचा छंद अमेरिकेत मोठा आहे. त्यात पेंटबॉल खेळणारे आले, तसेच जुने गणवेश घालून नुसतंच प्रसंग उभे करणारेही आले. २०१० मध्ये ओहायो राज्यात रिच आयॉट नावाचे रिपब्लिकन उमेदवार अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीला उभे होते. निवडणुकीच्या महिनाभर आधी 'द अटलांटिक' मासिकाने त्यांचे फोटो छापले. अंगावर वाफेन एसएसचा, म्हणजे हिटलरच्या एसएस संघटनेच्या लढाऊ दलाचा गणवेश.

आयॉट यांचं म्हणणं होतं की हा इतिहासाचा छंद आहे, मुलासोबत वेळ घालवण्याचं निमित्त आहे. कुणीतरी जर्मन व्हायला हवंच होतं. पण लोकांचा प्रश्न वेगळा होता. जर्मन सैनिक उभा करायला एसएसच का? लाखो ज्यूंच्या हत्येत ज्या संघटनेचा हात, तिचा गणवेश हौसेने घालणं आणि लढाईत विरोधी बाजू घेणं, या दोन गोष्टी एकच आहेत का? आयॉट निवडणूक हरले.

खुद्द जर्मनीत हा प्रश्न कायद्यानेच सोडवलाय. तिथल्या दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार स्वस्तिकासारखी नाझी चिन्हं जाहीरपणे वापरणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कला, शिक्षण, संशोधन यांना सवलत आहे.

इथे पेंटबॉलची ती रंगीत पट्टी आठवा. बंकर राखायला, दबा धरायला, पूल अडवायला लाल पट्टी पुरेशी असते. एसएसच्या बिल्ल्याने नेम सुधारत नाही. मग तो बिल्ला अंगावर आला की त्याचं कारण खेळात सापडत नाही, खेळाबाहेर शोधावं लागतं. आणि ज्याच्या घरातली माणसं त्या बिल्ल्याने मारली, तो माणूस मैदानात आला तर त्याच्यासाठी तो खेळ राहत नाही.

व्हिडिओ गेमवाल्यांनी काढलेले तीन मार्ग

मोबाइलवर किंवा पीसीवर शूटिंग गेम खेळणाऱ्यांना हा विषय नवीन नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये एक बाजू दहशतवाद्यांची असते, दुसरी त्यांना रोखणाऱ्यांची. पण सामना अर्ध्यावर आला की बाजू बदलतात. आता ज्याने बॉम्ब ठेवला, तोच नंतर बॉम्ब निकामी करतो. त्यामुळे शत्रू ही कोणाची ओळख बनत नाही. ती फक्त एक पाळी असते.

दुसरा मार्ग अमेरिकी लष्कराने काढला. २००२ मध्ये त्यांनी भरतीच्या प्रचारासाठी 'अमेरिकाज आर्मी' हा मोफत गेम आणला. त्यात कमाल युक्ती होती. प्रत्येक खेळाडूला आपली बाजू अमेरिकन सैनिकांसारखी दिसायची आणि समोरची शत्रूसारखी. समोरच्यालाही तसंच. म्हणजे सगळेच सतत 'आपले'. शत्रू होण्याची वेळ कुणावर येतच नाही. वाद मिटला, पण शत्रूच्या जागी उभं राहून बघण्याची संधीही गेली.

तिसरा मार्ग २०१० चा. 'मेडल ऑफ ऑनर' या गेममध्ये अफगाणिस्तानची लढाई होती आणि ऑनलाइन सामन्यात एक बाजू तालिबानची. तेव्हा तिकडे रोज खरे सैनिक मरत होते. त्यांच्या घरच्यांनी विचारलं, आमच्या मुलाला मारणाऱ्याची भूमिका लोक सोफ्यावर बसून मजेत करणार का? ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी टीका केली. अमेरिकेच्या लष्करी तळांवरच्या दुकानांनी गेम विकायला नकार दिला. शेवटी ईए कंपनीने नाव बदललं. तालिबानच्या जागी लिहिलं 'ऑपोझिंग फोर्स', म्हणजे विरोधी फौज.

अनेकांनी तेव्हा चेष्टा केली की नाव बदलून काय होणार, दिसायला ते तेच होते. चेष्टा बरोबरच होती. पण त्यातून एक गोष्ट कळली. खेळ एका शब्दानेही बिघडला नाही. सामना आधी जसा चालला असता तसाच चालला.

हा प्रश्न महाराष्ट्रात आला तो असा

आपल्याकडे लोणावळा किंवा पुण्याच्या आसपासच्या रिसॉर्टवर पेंटबॉल असतो. ऑफिसची टीम जाते, लाल-निळे गट पडतात, दोन डाग पडतात, रील निघते आणि विषय संपतो. तिथे शत्रूचा प्रश्न फारसा येत नाही.

आपल्याकडे विरोधी फौज दिसते ती पोलिसांच्या मॉक ड्रिलमध्ये. रेल्वे स्टेशन, मंदिर, मॉल अशा ठिकाणी हल्ला झाला तर काय करायचं, याचा हा सराव. २६/११ नंतर त्याची गरज कोणाला समजावून सांगावी लागत नाही. इथेही कोणीतरी दहशतवादी व्हावं लागतं. बहुतेक वेळा ती भूमिका पोलीसच करतात.

२०१४ च्या अखेरीस गुजरातमधल्या सुरतच्या एका ड्रिलचा व्हिडिओ पसरला. दहशतवादी झालेल्या पोलिसांच्या डोक्यावर मुस्लिम पद्धतीच्या टोप्या होत्या. टीका झाली. तेव्हाच्या मुख्यमंत्री आनंदीबेन पटेल यांनी दहशतवाद धर्माशी जोडणं चूक असल्याचं मान्य केलं.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. काही वर्षांनी महाराष्ट्रात अहमदनगर, चंद्रपूर आणि औरंगाबाद इथल्या मॉक ड्रिलवरून औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. तक्रार अशी होती की या सरावांमध्ये दहशतवादी एका विशिष्ट धर्माचे दाखवले जातात, त्यांच्या तोंडी धार्मिक घोषणा दिल्या जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये खंडपीठाने अंतरिम आदेश दिला, की दहशतवादी विशिष्ट समाजाचे दाखवणारे मॉक ड्रिल तूर्त करू नका. सरावांबाबत काही मार्गदर्शक सूचना आहेत का, हेही सरकारला विचारलं.

यावर सोशल मीडियावर दोन तट पडले. एक म्हणाला, दहशतवादी मग दाखवायचे तरी कसे? दुसरा म्हणाला, आमच्या भावना दुखावल्या. भावनांचा मुद्दा खरा आहे. स्टेशनवर ड्रिल बघायला उभा असलेला एखादा टोपी घातलेला माणूस, त्याच्या शेजारी त्याचा शाळकरी मुलगा. समोर आपल्यासारखं दिसणाऱ्याला पोलीस जमिनीवर पाडतात आणि लोक टाळ्या वाजवतात. त्या मुलाने त्या दिवशी काय शिकायचं?

पण हा वाद फक्त भावनांचा आहे असं समजणं ही मोठी चूक आहे. कारण यात सुरक्षेचाही मुद्दा आहे, आणि तो जास्त करून सगळ्यांना लागू होतो.

खरा हल्लेखोर दिसत होता कसा?

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काढलेला अजमल कसाबचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. तो आठवा. कार्गो पँट, टी-शर्ट, पाठीला सॅक. हातातली एके-४७ काढून टाका, तर लोकलने कॉलेजला जाणारा कोणताही पोरगा. डोक्याला टोपी नाही. मनगटावर लाल धागा. या हल्लेखोरांकडे बनावट ओळखपत्रं होती आणि कसाबच्या कार्डावरचं नाव होतं हिंदू वाटावं असं.

हे अपघाताने झालं नव्हतं. पाठवणाऱ्यांनी विचार करून ठरवलं होतं. आपल्याला ज्या खुणा दिसण्याची अपेक्षा असते, नेमक्या त्या खुणा त्यांनी पुसून टाकल्या. १६६ लोकांचा जीव गेला.

आता टोपी घातलेल्या दहशतवाद्याचं ड्रिल परत बघा. तो पोलीस शिपाई, तो होमगार्ड, तो स्टेशनवरचा हमाल यांच्या डोक्यात काय बसतं? संशय टोपीवर घ्यायचा. म्हणजे ज्याने काही केलेलं नाही त्याच्यावर नजर, आणि धागा बांधून, सॅक अडकवून जाणारा शेजारून निघून गेला तरी लक्ष नाही. मिलेनियम चॅलेंजमध्ये शत्रूचे हात बांधून सराव वाया घालवला. इथे शत्रूला चुकीचा चेहरा देऊन सराव वाया जातो. नुकसान त्याच जातीचं आहे.

फोर्ट आयर्विनच्या सांगाड्यांशी तुलना करून बघा. रणगाड्याचा आकार ही माहिती आहे, कारण शत्रूचा रणगाडा खरंच तसा असतो. टोपी ही माहिती नाही. ती लाखो साध्या माणसांच्या डोक्यावर असते आणि खऱ्या हल्लेखोराच्या डोक्यावर नव्हती.

मग शत्रू उभा करायचा कसा?

पेंटबॉलच्या मैदानापासून उच्च न्यायालयापर्यंतचा हा प्रवास पाहिला तर उत्तर फार अवघड नाही. चार गोष्टी पुरतात.

एक, शत्रू वागण्यातून उभा करा. मॉक ड्रिलमध्ये दहशतवाद्याने काय करावं? गर्दीची वेळ निवडावी. एका दाराशी गोंधळ करून दुसऱ्या दारातून घुसावं. साध्या कपड्यांत, कोणाचंही लक्ष जाणार नाही असं यावं. बेवारस बॅग कुठे ठेवतो, कॅमेरा कुठे टाळतो, ओलिसांना कसं हलवतो, हे दाखवावं. पोलिसांना यातून शिकता येतं.

दोन, त्याला जिंकू द्या. ड्रिलच्या शेवटी सगळे दहशतवादी दहा मिनिटांत ठार आणि अधिकारी फोटोला उभे, असं दरवेळी होत असेल तर तो सराव नाही, ते गॅदरिंग आहे. एखाद्या वेळी विरोधी बाजूने पोलिसांना चकवलंच पाहिजे, आणि मग तिने समोर बसून सांगितलंही पाहिजे की कसं चकवलं.

तीन, ओळखीसाठी पट्टी वापरा. लाल, पिवळी, कोणतीही. देशाचं नाव हवं असेल तर काल्पनिक घ्या. ज्या चिन्हाचं सरावात काम नाही, ते घरी ठेवा.

चार, बाजू बदला. आज जो पोलीस दहशतवादी झाला, त्याला उद्या बचाव करायला लावा. शत्रूच्या जागी उभं राहून पाहिलेल्या माणसाला आपल्या बचावातली भोकं लवकर दिसतात.

शेवटचा मुद्दा

वायनडॉटच्या रानात जर्मन बाजूने खेळणारे बहुतेक लोक नाझी नव्हते, त्यांना व्हायचंही नव्हतं. खेळ नीट व्हावा म्हणून कोणीतरी समोर उभं राहायला हवं होतं, ते उभे राहिले. त्यांनी गोळ्या खाल्ल्या, समोरच्याला घाम फोडला आणि संध्याकाळी मास्क काढून त्याच लोकांबरोबर जेवायला बसले.

विरोधी फौजेचं सगळं शहाणपण या मास्क काढण्यात आहे. खेळ संपला की शत्रू संपला पाहिजे. दंडावरची पट्टी सोडली की माणूस परत आपल्यातला झाला पाहिजे. पण शत्रूला एखाद्या समाजाचे कपडे घातले, तर ड्रिल संपल्यावर पोलीस ती टोपी काढून ठेवतो आणि घरी जातो. ड्रिल बघायला आलेला तो माणूस आणि त्याचा मुलगा मात्र त्यांची टोपी घालूनच घरी जातात, आणि वाटेत लोकांच्या नजरा त्यांच्यावर असतात.

पुढच्या वेळी मोबाइलवर एखाद्या मॉक ड्रिलचा व्हिडिओ आला तर पोलीस किती जोरात धावले हे बघाच. पण त्याआधी दहशतवादी झालेला माणूस बघा. तो काय करतोय ते दाखवलंय, की तो कोण आहे ते? त्यावरून कळेल, हा सराव आहे की नुसता देखावा.